तित्सिओ: बारा व्होल्टवर साधलेला तोल

दिवा बारा व्होल्टचा असला की विजेचं बिल कमी येतं, असं समजणारे पुष्कळ आहेत. बिल वॅटवर येतं. ५० वॅटचा दिवा १२ व्होल्टवर चालो की २२० वर, तासाभरात तेवढीच वीज खाणार. उलट व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर तापण्यात थोडी जास्तच जाणार. मग कमी व्होल्टेज कशासाठी? याचं देखणं उत्तर म्हणजे इटलीच्या ‘आर्तेमिदे’ कंपनीचा १९७२चा टेबलदिवा, ‘तित्सिओ’.

तो घडवला रिचर्ड झापर यांनी. जन्म म्युनिकचा, १९३२चा. १९५८पासून काम मिलानमध्ये. आयबीएमच्या काळ्या थिंकपॅड लॅपटॉपचं मूळ रूपही त्यांचंच. दिव्याचे हात लांब हवेत, डोकं लहान हवं, तो टेबलाला शिकंज्याने आवळावा लागू नये आणि बोटाने ढकलला की तिथेच थांबावा, असा त्यांचा आग्रह होता.

हात असलेल्या टेबलदिव्यांत सहसा स्प्रिंग असतात. तित्सिओत आहेत फक्त वजनं. ‘गुरुत्वाकर्षणावर मात’ असली जाहिरातबाजी इथे निरर्थक आहे, कारण हा दिवा तोललेला राहतो तो गुरुत्वाकर्षणाच्याच जोरावर.

सोयीचे आकडे घेऊ (मूळ दिव्याचे नव्हेत). डोकं १०० ग्रॅम, टेकूपासून ४० सेंमी पुढे. मागे १० सेंमीवर ४०० ग्रॅम लावलं की वरचा हात तोलला गेला. हात तिरका केला तर दोन्ही बाजूंची आडवी अंतरं एकाच प्रमाणात घटतात, म्हणून तोल कुठल्याही कोनात टिकतो. आता हा अख्खा हात, म्हणजे ५०० ग्रॅम, खालच्या हाताच्या टोकावर बसतो आणि वरचा हात कसाही वळवला तरी त्याचा भार त्या एका बिंदूतूनच लागतो. हे टोक खालच्या टेकूपासून ३० सेंमीवर असेल, तर मागे १० सेंमीवर दीड किलो हवं. (हातांचं स्वतःचं वजन सोडून दिलं आहे.) डोकं नुसतं ३० ग्रॅमने जड करून पाहा: वरच्या हाताला १२० ग्रॅम वाढवावे लागतात, मग खालच्याला ४५०. तीस ग्रॅमपायी ५७० ग्रॅमची भर!

म्हणून डोकं हलकंच हवं, आणि तिथे बारा व्होल्ट कामाला येतात. मोटारीच्या हेडलाइटमध्ये रुळलेला हॅलोजेन दिवा १२ व्होल्टचा असतो. त्याची पेटणारी तार आखूड आणि जाड, म्हणून बल्बही लहानसा. जड ट्रान्सफॉर्मर बैठकीत गेला, तिथे त्याचं वजन दिवा उलटू देत नाही. शिवाय उघड्या धातूतून १२ व्होल्ट नेता येतात, २२० नेणं जीवघेणं. प्रत्येक हातात दोन समांतर पट्ट्या असतात आणि त्यांतूनच वीज जाते. सांधे टिचबटणासारखे दाबून बसतात. दिवा पडला तर मोडण्याऐवजी सुटा होतो.

दुखणंही याच सांध्यांत. ५० वॅटला १२ व्होल्टवर ४.२ अँपिअर लागतात. पेटलेल्या तारेचा रोध जेमतेम २.९ ओहम. सांध्यावर मळ बसून ०.१ ओहम वाढला की व्होल्टेज साडेतीन टक्के घटतं आणि उजेड दहा-बारा टक्के, कारण तो व्होल्टेजच्या साधारण साडेतीनाव्या घातात बदलतो. वर सांध्यात दीड वॅटहून जास्त उष्णता. २२० व्होल्टला हाच रोध जाणवलाही नसता, तिथे तारेचाच रोध हजाराच्या घरात.

दिवा लुकलुकत असेल तर पेटलेला असतानाच प्रत्येक सांध्याच्या दोन बाजूंना मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचं यंत्र, एसी व्होल्टवर ठेवून) लावावा. ०.३–०.४ व्होल्ट दिसले तो सांधा मळलेला. मग प्लग काढून, दिवा थंड झाल्यावर, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा. पॉलिश पेपर नको, मुलामा जातो. धातूची पट्टी दोन्ही पट्ट्यांवर आडवी पडू देऊ नये. शॉक नाही बसणार, पण ठिणगी उडेल आणि ट्रान्सफॉर्मर तापेल.

नवा बल्ब कागदात धरून बसवावा. बोटाचे क्षार तापलेल्या क्वार्ट्झला चिकटून ते ठिसूळ करतात. एलईडी घ्यायचा तर तो १२ व्होल्ट एसीवर चालणारा आणि त्याच पिनांचा हवा, आणि वजनही विचारून घ्यावं: थोडा फरक सांध्यांतलं घर्षण सोसतं, जास्त झाला तर हात हळूहळू टेबलाकडे झुकतो.