गाडीचा विमा आहे, मग लॅपटॉपचं काय?

ठाणे शहरात तलावपाळीला गाडी लावून जेवायला गेलात, परत आलात तर मागची काच नाही, सीटवर साबुदाण्यासारखे काचेचे खडे आणि बॅग गायब. अशा वेळी कुणीतरी हमखास म्हणतं, "फुल इन्शुरन्स आहे ना? मग सगळं मिळेल."

नाही मिळत. तो विमा गाडीचा असतो. फुटलेली काच त्यात येते, आणि काचेवर घसाराही, म्हणजे जुनी झाल्यामुळे घटलेली किंमत, कापत नाहीत. पण बॅग, लॅपटॉप, दागिने म्हणजे गाडी नव्हे. वैयक्तिक सामानाचं कव्हर जादा हप्ता भरून वेगळं घ्यावं लागतं. त्यातही रोकड सहसा वगळलेली असते. शिवाय नुसत्या काचेसाठी क्लेम केलात तर नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जाऊ शकतो. आधी गॅरेजवाल्याला भाव विचारा, मग ठरवा.

दुसरा समज: चोरी ठाण्यात, घर ऐरोलीत, म्हणजे तक्रारीला ठाण्यालाच परत जायचं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठेही घडलेला असो, खबर कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते. यालाच झिरो एफआयआर म्हणतात. प्रत फुकट मिळते, मागून घ्या. आणि हो, 'हरवल्याचा दाखला' घेऊन गप्प घरी येऊ नका. बॅग हरवली नाही, चोरीला गेली आहे. काच झाडण्याआधी फोटो काढा. लॅपटॉपचं बिल आणि सिरियल नंबर सोबत न्या.