जुन्या संगणकावर सिस्टीम कॉल मोजताना

यवतमाळ-वाशीमकडच्या खेड्यांतल्या सेवा केंद्रांत शहरातून हात बदलत आलेले संगणक अजून राबतात. अशा यंत्रावर विंडोज ठेवावं की लिनक्स टाकावं, हे अंदाजाने ठरवू नये. मोजावं. पण नेमकं काय मोजायचं?

कुठलाही प्रोग्राम स्वतःहून फाइल उघडू शकत नाही. ते काम कर्नलचं, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याचं. कर्नलकडे केलेली ही मागणी म्हणजे सिस्टीम कॉल. आजच्या प्रोसेसरवर साध्यातला साधा कॉल साधारण सेकंदाच्या एक कोटीव्या भागात आटोपतो. एवढा वेळ एकेकट्याने नीट मोजता येत नाही, म्हणून तोच कॉल लाखो वेळा करून भागाकार करतात. त्यातून नुसत्या लूपचा, म्हणजे कॉल न करता तेवढेच फेरे मारण्याचा, वेळ वजा करायचा. जिनिंगच्या काट्यावर कापसाची भरली गाडी तोलल्यावर रिकामीही तोलतात, तसंच.

खरी फसगत पुढे आहे. लिनक्सवर वेळ विचारणारा कॉल बहुधा कर्नलपर्यंत जातच नाही. व्हीडीएसओ नावाच्या सोयीमुळे उत्तर प्रोग्रामच्याच मेमरीत मिळतं. चालू प्रोग्रामचा क्रमांक विचारणाऱ्या 'गेटपिड' या कॉलचं उत्तरही जीलिबसी ही लिनक्सवरच्या प्रोग्रामांची मूळ लायब्ररी पूर्वी साठवून ठेवायची. 2017 च्या 2.25 आवृत्तीत ते बंद झालं. म्हणजे त्याआधीच्या कित्येक चाचण्यांत कर्नल मोजलाच गेला नसणार! उलट विंडोजवर फाइल उघडताना अँटीव्हायरसची तपासणी मध्ये येते. म्हणून एका कॉलशी एक कॉल ताडून पाहण्यापेक्षा हजार छोट्या फाइली उघडणं, वाचणं, बंद करणं असं अख्खं काम त्याच यंत्रावर दोन्हीकडे करून पाहणं मला जास्त प्रामाणिक वाटतं.

तेच यंत्र हवं, याला कारण आहे. जानेवारी 2018 मध्ये मेल्टडाउन ही प्रोसेसरमधली त्रुटी जाहीर झाली. तिच्यावरच्या उपायात कर्नलची मेमरी वेगळ्या पेज टेबलांत (मेमरीच्या पत्त्यांच्या तक्त्यांत) ठेवली गेली आणि प्रत्येक कॉलला ती टेबलं बदलणं आलं. इंटेलच्या हॅसवेल पिढीच्या किंवा त्याहून जुन्या प्रोसेसरवर विंडोज 7 आणि 8 चा वेग कमी झाल्याचं बहुतेकांना जाणवेल, असं मायक्रोसॉफ्टने तेव्हाच सांगितलं होतं. खेड्यांत पोचलेली बरीच यंत्रं याच पिढीतली. तेव्हा नव्या लॅपटॉपवरचे आकडे त्यांना लावणं हा अन्याय आहे.

आणि सातबारा उघडायला वेळ लागला, तर आधी नेट आणि सर्व्हर तपासा. तरीही शंका राहिली, तर लिनक्सवर सिस्टीम कॉल टिपणाऱ्या 'एसट्रेस' या साधनाला मोजणीचा पर्याय (-c) देऊन प्रोग्राम चालवा. कोणता कॉल किती वेळा झाला, याचा तक्ता मिळतो. एसट्रेस स्वतःच प्रोग्रामला बराच संथ करतो, त्यामुळे तक्त्यातली संख्या घ्या, वेळ मात्र वेगळा मोजा.