अ‍ॅप-वेबसाइट वापरता येत नाही? दिव्यांग आयुक्तांकडची तक्रार कुठे अडकते ते आधी वाचा

बँकेचं अ‍ॅप टॉकबॅकला, म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणाऱ्या अँड्रॉइड फोनमधल्या स्क्रीन रीडरला, दादच देत नाही. महापालिकेचा फॉर्म म्हणजे स्कॅन करून चढवलेलं चित्र, त्यातलं एक अक्षरही स्क्रीन रीडर वाचत नाही. केवायसीला डोळे मिचकावल्याशिवाय पुढे जाता येत नाही. यातलं काहीही घडलं तरी दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 खाली आयुक्तांकडे तक्रार करता येते. फी नाही, वकीलही लागत नाही. तरीसुद्धा खऱ्या तक्रारी साध्या त्रुटींवरून मागे येतात, याची चीड येते.

पहिला गैरसमज किमान 40 टक्के दिव्यांगत्वाच्या अटीचा. ती अट आरक्षण आणि बऱ्याच योजनांसाठी आहे. माहिती-तंत्रज्ञान सुगम, म्हणजे दिव्यांगांना वापरता येण्याजोगं, असण्याचा कलम 42 मधला हक्क सगळ्या दिव्यांग व्यक्तींना आहे. दाखल्यावर टक्केवारी कमी असेल तरी तोच दाखला जोडा, त्यापायी घरी बसू नका.

दुसरा गैरसमज म्हणजे ‘खासगी संस्थेवर तक्रार होत नाही’. कायद्यातल्या खासगी आस्थापनेच्या व्याख्येत कंपनी, सहकारी संस्था, ट्रस्ट सगळे येतात. म्हणजे गावातली पतसंस्था आणि शिक्षणसंस्थाही आली.

तक्रार कुणाकडे करायची? रेल्वे, राष्ट्रीयीकृत बँक, केंद्राचं पोर्टल असेल तर दिल्लीच्या मुख्य आयुक्तांकडे. राज्य सरकार, महापालिका, जिल्हा परिषद असेल तर पुण्याच्या राज्य आयुक्तांकडे. देशभर चालणाऱ्या खासगी अ‍ॅपची प्रकरणंही मुख्य आयुक्तांनी ऐकली आहेत. 2022 चा डॉक्टरांची वेळ ठरवून देणाऱ्या प्रॅक्टोच्या अ‍ॅपबाबतचा आदेश तिथलाच.

आता पुरावा. सर्वात जास्त घोळ इथेच होतो. लोक स्क्रीनशॉट जोडतात आणि त्यात अ‍ॅप अगदी व्यवस्थित दिसतं. टॉकबॅक फक्त ‘बटण’ म्हणतंय, कसलं बटण ते सांगत नाही, हे चित्रात कसं कळणार? स्क्रीन रेकॉर्डिंग करायला जावं तर बँकेच्या अ‍ॅपमध्ये सुरक्षेमुळे पडदा काळा येतो. फोनचा आतला आवाज रेकॉर्ड केला तर टॉकबॅकचा आवाज बहुधा त्यात येतच नाही. सरळ उपाय असा: दुसऱ्या फोनने व्हिडिओ काढा. टॉकबॅकचा आवाज मोठा ठेवा, वेग नेहमीपेक्षा बराच कमी करा, आणि कुठे अडलं ते तोंडाने बोला. तारीख, फोनचं मॉडेल आणि अ‍ॅपची आवृत्ती लिहून ठेवा. नंतर अपडेट आलं की संस्था म्हणते, आमच्याकडे तर चालतंय. कृपा करून पासवर्ड, ओटीपी आणि खाते क्रमांक व्हिडिओत येऊ देऊ नका.

तक्रारीआधी संस्थेला ईमेल करा आणि त्याची प्रत जोडा. अर्जात दोन्ही बाजूंची नावं-पत्ते, काय, कधी, कुठे घडलं, कागदपत्रं आणि मागणी एवढं हवं. अर्ज समक्ष, प्रतिनिधीमार्फत, रजिस्टर पोस्टाने किंवा ईमेलने देता येतो.

मागणीत ‘योग्य ती कारवाई व्हावी’ एवढंच लिहू नका. त्यातून हाती काही लागत नाही. ‘पैसे पाठवण्याच्या पानावरच्या सर्व बटणांना नावं द्यावीत, चित्राच्या कॅप्चाला पर्याय द्यावा, तोवर शाखेतून हीच सेवा मिळावी’ असं नेमकं लिहा.

मुदतीही नीट समजून घ्या. केंद्राच्या नियमांनुसार समोरच्या बाजूला उत्तरासाठी 30 दिवस आणि फार तर आणखी 15 दिवस मिळतात. कलम 76 मधले तीन महिने वेगळे, ते आयुक्तांची शिफारस संस्थेला मिळाल्यापासून सुरू होतात. अर्ज टाकल्याच्या तारखेपासून ते मोजून हताश होणारे फार भेटतात.

संस्था चालवणाऱ्यांनाही कळकळीने सांगणं आहे: नोटीस फाइलला लावून गप्प बसू नका. मागितलेली माहिती न दिल्यास कलम 93 खाली 25,000 रुपयांपर्यंत आणि पुढे दररोज 1,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कायद्याच्या उल्लंघनाला कलम 89 खाली पहिल्यांदा 10,000 रुपयांपर्यंत आणि पुन्हा घडल्यास 50,000 ते 5 लाख रुपये दंड आहे, आणि कलम 90 मुळे जबाबदार अधिकारीही सुटत नाहीत. सेवा सुगम करायला दिलेली दोन वर्षं 2019 मध्येच संपली. वेबसाइटच्या कोपऱ्यात अक्षरं मोठी करणारं बटण बसवलं म्हणून काम होत नाही. आयएस 17802 या डिजिटल सुगमतेच्या भारतीय मानकानुसार तपासणी करून घ्या आणि ती तपासताना अंध वापरकर्त्यांना सोबत घ्या. 30 एप्रिल 2025 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा मिळणं हा घटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. केवायसीबाबत ठरावीक काळाने सुगमता तपासणी करायलाही सांगितलं.

सुनावणीची तारीख आली की हजर राहाच. तक्रारदार गैरहजर असेल तर तक्रार फेटाळली जाऊ शकते. जाणं जमत नसेल तर ऑनलाइन सुनावणी मागा, सांकेतिक भाषेचा दुभाषी हवा असेल तर तेही आधीच लेखी कळवा.