निष्कास नळीचा व्यास : फेरबदल केलेल्या लहान मोटारीसाठी

जळालेले वायू मॅनिफोल्डपासून (सिलिंडरांची निष्कास तोंडे एकत्र जोडणाऱ्या भागापासून) मोटारीच्या मागच्या टोकापर्यंत नेणाऱ्या नळीचे माप. एंजिनाची ताकद वाढवली की मूळची नळी अपुरी पडते. नवी किती रुंद घ्यावी, यावर मात्र एकमत नाही. या प्रश्नाचा बराच ऊहापोह ब्रिटिश मिनी (1959–2000) मोटारीच्या ए-मालिका एंजिनाभोवती झाला असल्याने येथे तेच उदाहरण घेतले आहे.

‘थोडे बॅक प्रेशर (बाहेर पडणाऱ्या वायूला नळीतून होणारा उलटा दाब) हवेच’ ही समजूत बहुधा कार्ब्युरेटरच्या काळात रुजली असावी. मोकळी नळी बसवली की सिलिंडरात हवा जास्त येई, कार्ब्युरेटरातील इंधन सोडणारे जेट (बारीक छिद्र) जुनेच राहिल्याने मिश्रण विरळ होई आणि गाडी खालच्या फेऱ्यांना ओढत नसे. दोष मात्र बॅक प्रेशर गेल्याला दिला जाई. 1930 च्या दशकात मिशेल कादेनासी या अभियंत्यांनी वेगळी मांडणी केली : झपाट्याने बाहेर पडणारे वायू आपल्या जडत्वाने मागे निर्वात सोडतात व ताजे मिश्रण आत ओढतात. पुढील अभ्यासकांनी यातील बरेचसे श्रेय दाबतरंगांना दिले. निष्कास झडप उघडताच निघालेला तरंग तापलेल्या वायूतून सेकंदाला सुमारे 500 ते 600 मी. वेगाने जातो आणि नळीच्या उघड्या टोकाशी विरळ तरंग होऊन परततो. दोन्ही झडपा उघड्या असताना तो पोहोचला तर सिलिंडर चांगला रिकामा होतो. ही दुसरी उपपत्ती अधिक ग्राह्य वाटते. तरंग केव्हा परतेल हे मुख्यतः लांबीवर ठरते. व्यासावर वायूचा वेग आणि अडथळा ठरतो. बॅक प्रेशर स्वतः उपयोगी पडते, असे यांपैकी कोणतीच उपपत्ती सांगत नाही.

1,275 घ. सेंमी.चे एंजिन मिनिटाला 6,000 फेऱ्यांवर, 85 टक्के भरणक्षमता (सिलिंडराच्या मापाच्या तुलनेत प्रत्यक्ष आत येणारी हवा) धरल्यास, सेकंदाला सुमारे 54 लिटर हवा घेते. नळीतील वायू 500° से. धरला तर तोच प्रवाह फुगून 150 लिटरच्या आसपास जातो. दीड मिमी. जाडीच्या पत्र्याच्या दीड इंची नळीत त्याचा वेग सेकंदाला सुमारे 155 मी., पावणेदोन इंचीत 111 मी. आणि दोन इंचीत 84 मी. होतो. घर्षणाचा तोटा साधारणपणे वेगाच्या वर्गाने वाढत असल्याने पाव इंचाचा फरकही मोठा ठरतो. रस्त्यावरच्या 1,275 साठी पावणेदोन इंच पुरते. वरच्या फेऱ्यांचा कॅमशाफ्ट (झडपा उघडणारा दंड) असलेल्या शर्यतीच्या एंजिनालाच दोन इंच शोभते. 998 घ. सेंमी.च्या साध्या एंजिनाला पावणेदोन इंचाहून रुंद नळीने आवाजाखेरीज फारसे काही मिळत नाही. वाकवताना नळी चेपली तर छापील माप निरर्थक होते. मोजायचे ते सर्वांत अरुंद वळणावर.

ए-मालिका एंजिनाच्या हेडला (सिलिंडरांवरील झाकणाला) निष्कासाची तोंडे तीनच आहेत. मधले तोंड दुसऱ्या व तिसऱ्या सिलिंडरात सामाईक आहे. ज्वलनक्रम 1-3-4-2 असल्याने त्या दोघांचे निष्कास 360 अंशांच्या अंतराने येतात, तसेच पहिल्या व चौथ्याचेही. म्हणून बाहेरच्या दोन शाखा आधी जोडून मधली लांब शाखा खाली त्यांना मिळवण्याची रचना रूढ झाली. मॅनिफोल्ड बदलल्याशिवाय केवळ मागची नळी रुंद करण्यात अर्थ नाही.

मिनीचे एंजिन आडवे बसवलेले असल्याने गिअर टाकताना ते मागेपुढे डोलते. त्याला आवरणाऱ्या दांड्याचे रबरी बुश झिजले की मॅनिफोल्डजवळ नळीला तडा जातो. जाड, रुंद नळी लवचिक नसल्याने तो लवकर जातो. आधी बुश बदलावेत.

इतर एंजिनांत रचना वेगळी असते. टर्बो एंजिनात (ज्यात निष्कास वायू टर्बाइन फिरवून जास्त हवा आत दाबतात) टर्बाइननंतरची नळी शक्य तितकी मोकळी ठेवतात. मारुती 800 च्या तीन सिलिंडरी 796 घ. सेंमी. एंजिनात निष्कास 240 अंशांनी येतात, त्यामुळे तिन्ही शाखा एकाच ठिकाणी जोडता येतात. भारतात केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 नुसार सायलेन्सर बंधनकारक आहे.