कुटुंबप्रमुखाच्या हाती बायबल कसे आले

मराठी ख्रिस्ती घरात गेलात की बैठकीच्या भिंतीवर एक वचन बहुधा दिसते: 'मी आणि माझे घराणे, आम्ही तर परमेश्वराची सेवा करणार.' यहोशवाच्या पुस्तकातल्या चोविसाव्या अध्यायातले हे वाक्य फ्रेम करून गृहप्रवेशाला भेट देण्याची पद्धतच आहे. लग्नाच्या उपासनेत पाळकसाहेब इफिसकरांस पत्राचा पाचवा अध्याय वाचतात आणि नवरदेवाला बजावतात की आजपासून या घरातली प्रार्थना तुझ्या जबाबदारीची. ऐकणाऱ्याला वाटते, हे पहिल्या शतकापासून असेच चालत आले असणार. वचने तेवढी जुनी आहेतच. पण रोज घरच्यांना बसवून वाचन आणि प्रार्थना घेणारा, आणि न घेतल्यास मंडळीपुढे, म्हणजे चर्चच्या समुदायापुढे, जाब देणारा बाप ही घडण मात्र सोळाव्या-सतराव्या शतकातली, जर्मनी आणि स्कॉटलंडमधली. तिच्यामागे मायेइतकाच शिस्तीचा बडगाही होता.

प्रेषित पौलाने इफिसकरांस आणि इतर मंडळ्यांना पत्रे लिहिली तेव्हा रोमन घरात बापाचा शब्द हाच कायदा होता. घरच्या दैवतांची पूजा त्याच्या हातची, मुलाला घरात ठेवायचे की नाही हेही तोच ठरवी. अशा बापाला पौल सांगतो, 'आपल्या मुलांना चिडीस आणू नका'. आणि नवऱ्याला सांगतो, ख्रिस्ताने मंडळीवर केली तशी प्रीती बायकोवर कर. पत्नीने अधीन असावे हे वाक्य तेव्हाच्या ऐकणाऱ्यांना नवे वाटले नसेल; नवे होते ते नवऱ्यावर आणि बापावर टाकलेले हे ओझे. शिवाय बायबलच्या नव्या करारातली घरे एका साच्याची नाहीत. फिलिप्पैमध्ये मंडळी जमली ती जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करणाऱ्या लुदियाच्या घरी. तीमथ्याचा बाप ग्रीक. त्याच्या विश्वासाचे श्रेय पौल देतो ते आजी लोईस आणि आई युनीके यांना. चौथ्या शतकाच्या अखेरीस योहान क्रिसोस्तोम हा धर्मोपदेशक घराला 'छोटी मंडळी' म्हणू लागला खरा, पण पुढची हजारेक वर्षे पावित्र्याचा मान मठांना आणि धर्मगुरूंना राहिला. संसारी पुरुष त्या उतरंडीत खालच्या पायरीवर.

ही उतरंड जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने मोडली. १५२८ मध्ये सॅक्सनीतल्या खेड्यांतल्या मंडळ्यांची पाहणी करताना लोकांना दहा आज्ञा आणि प्रभूची प्रार्थनाही धड येत नाही हे पाहून तो हबकला. १५२९ मध्ये त्याने 'लघु प्रश्नोत्तरी' हे सवाल-जबाबांतून धर्म शिकवणारे पुस्तक काढले आणि तिच्या भागांना मथळा दिला तो असा की घरधन्याने हे आपल्या घरच्यांना सोप्या रीतीने शिकवावे. घरच्यांत मुले आली, तसे गडीमाणसे आणि मोलकरणीही आल्या. जो शिकायला तयार नसेल त्याला आईबापांनी आणि मालकांनी खाणेपिणे देऊ नये, असेही ल्यूथरने प्रस्तावनेत लिहून ठेवले आहे. आजच्या पालकसभेत हे वाक्य वाचून दाखवायला कोणी पाळक धजावेल असे वाटत नाही.

चर्च आणखी शुद्ध करू पाहणाऱ्या इंग्लंडच्या प्युरिटनांनी ही कल्पना उचलली. विल्यम गूज या लंडनच्या पाळकाने १६२२ मध्ये घरातल्या कर्तव्यांवर जाडजूड ग्रंथ काढला, तेव्हा बायकांच्या कर्तव्यांवरची त्याची काही मते त्याच्याच मंडळीतल्या बायांना रुचली नव्हती. पण व्यवस्था पक्की झाली ती स्कॉटलंडमध्ये. २४ ऑगस्ट १६४७ रोजी एडिंबरामध्ये चर्च ऑफ स्कॉटलंडच्या महासभेने कौटुंबिक उपासनेची मार्गदर्शिका मंजूर केली. ती मुळातून वाचण्यासारखी आहे. प्रार्थना, स्तुतिगान, शास्त्रवाचन, मग वाचलेल्यावर घरच्यांचे बोलणे: वचनात एखाद्या पापाचा निषेध असला तर ते आपल्या घरात आहे का, हे बघायचे. ज्याला स्वतःच्या शब्दांत प्रार्थना जमत नाही त्याने ठरीव प्रार्थनेपासून सुरुवात करावी. बापाला हे काम झेपणारे नसेल तर घरातच राहणाऱ्या दुसऱ्या कोणाला नेमावे, पण पाळक आणि वडीलमंडळ (मंडळीचा कारभार पाहणारे ज्येष्ठ) यांच्या संमतीने.

आणि चुकारपणा केला तर? आधी पाळक किंवा वडीलमंडळातले कोणी खासगीत समज देणार. तरी सुधारला नाही तर वडीलमंडळापुढे कान उघाडणी. त्यानंतरही तेच, तर प्रभुभोजनाला, म्हणजे भाकरी आणि द्राक्षारसाच्या विधीला, बंदी. ज्या गावात सगळे एकमेकांना ओळखतात तिथे रविवारी मेजापासून दूर बसावे लागणे म्हणजे काय, हे खेड्यात राहिलेल्या कोणालाही सांगायला नको. याच मार्गदर्शिकेत एक कलम असे की अनेक कुटुंबांनी मिळून अशी उपासना करू नये, आणि गावोगाव फिरणाऱ्या भटक्या उपदेशकांना घरात थारा देऊ नये. यादवीचा काळ होता, नवे पंथ रोज निघत होते. बापाच्या हाती बायबल दिले होते, पण त्याच्या घराच्या चार भिंतींपुरते.

प्युरिटनांची दुसरी शाखा समुद्रापार अमेरिकेत गेली. मॅसॅच्युसेट्स वसाहतीने १६४२ मध्ये कायदाच केला की मुलांना वाचता येते का आणि धर्मतत्त्वे कळतात का याला आईबाप आणि मालक जबाबदार. १६४८ च्या संहितेत घरधन्याने आठवड्यातून निदान एकदा मुलांची आणि नोकरांची प्रश्नोत्तरी घ्यावी असे आले. हा तपशील मराठी वाचकाने लक्षात ठेवावा, कारण १८१३ मध्ये मुंबईत उतरलेले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट याच परंपरेत वाढलेले. अमेरिकन मराठी मिशन त्यांनी सुरू केले, आणि १८३१ पासून अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) त्याचे मोठे ठाणे झाले. स्कॉटिश मिशनरी १८२३ पासून कोकणात होते. जॉन विल्सन १८२९ मध्ये मुंबईस आले. दोन्हीकडून कौटुंबिक उपासनेची सवय सामानासारखी बरोबर आली.

गंमत अशी की ती सवय इकडे येत होती तेव्हा तिकडे ढासळू लागली होती. कारखाने आले, बाप दिवसभर घराबाहेर गेला, संध्याकाळची प्रार्थना आईकडे आली. १७८० मध्ये रॉबर्ट रेक्सने ग्लॉस्टरमध्ये काढलेल्या रविवारच्या शाळेसारख्या शाळा सगळीकडे पसरल्या आणि मुलांना शिकवण्याचे काम मंडळीने परत आपल्याकडे घेतले.

इकडे तर अडचण आणखी मूळची होती. कुटुंबप्रमुखाने कुटुंबाला चालवायचे, पण बाप्तिस्मा घेतला की कुटुंबच उरत नसे. बायकोला माहेरचे घेऊन जात, आईबाप मेल्याचे स्नान करत. सरकारने १८६६ मध्ये खास कायदा केला, ज्याने धर्मांतरामुळे जोडीदाराने टाकलेल्या माणसाला लग्नबंधनातून मोकळे होण्याची वाट दिली. नारायण वामन टिळकांनी ती वाट धरली नाही. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला तेव्हा पत्नी लक्ष्मीबाई हिंदूच होत्या. पुढे त्या नगरला आल्या तरी सोवळे आणि वेगळी चूल सांभाळून. जातीचा, शिवाशिवीचा गुंता त्यांनी स्वतःच्या विचाराने सोडवला आणि १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. टिळकांचे 'ख्रिस्तायन' हे ख्रिस्तचरित्राचे काव्य अपुरे राहिले ते लक्ष्मीबाईंनी पुढे नेले आणि मुलगा देवदत्त यांनी शेवटास नेले. स्कॉटलंडच्या वडीलमंडळाने या घराला पास केले असते की नापास, सांगता येत नाही. नवरा एका धर्मात आणि बायको दुसऱ्या, अशी पाच वर्षे त्यांच्या कुठल्याच कलमात बसत नाहीत. केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये तर शेकडो मुली आणि विधवा राहत. तिथे कुटुंबप्रमुख पुरुष नव्हताच, आणि रमाबाईंनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

वसई आणि गोव्याच्या कॅथलिकांचा रस्ता वेगळा. तिथे घरच्या भक्तीचा कणा म्हणजे संध्याकाळची जपमाळ, आणि कित्येक घरांत ती सुरू करते आजी. बाप कामावरून आला की मधूनच गुडघे टेकतो. शिकवण मात्र रोमहून यायची. १९३० मध्ये पोप पायस अकरावे यांनी पुरुषाला कुटुंबाचे मस्तक आणि स्त्रीला हृदय म्हटले. १९८८ मध्ये जॉन पॉल दुसरे यांनी अधीनता ही दोघांनी परस्परांची असे मांडले. १९६४ च्या व्हॅटिकन दस्तऐवजात कुटुंबाला घरगुती मंडळी म्हणताना विश्वासाचे पहिले उपदेशक म्हणून आईबाप दोघांना धरले आहे.

आज मराठी मंडळ्यांत, विशेषतः पुण्या-मुंबईच्या नव्या मंडळ्यांत, जी भाषा ऐकू येते ती बरीचशी १९८० नंतरच्या अमेरिकेची आहे. स्त्रीमुक्तीच्या चळवळीला उत्तर म्हणून १९८७ मध्ये डॅन्व्हर्स येथे काही इव्हँजेलिकल (बायबललाच प्रमाण मानणाऱ्या प्रॉटेस्टंट) पुढाऱ्यांनी जाहीरनामा तयार केला: स्त्री-पुरुष मोलाने समान, भूमिकेने वेगळे. कोलोरॅडो विद्यापीठाचे फुटबॉल प्रशिक्षक बिल मॅकार्टनी यांनी १९९० मध्ये प्रॉमिस कीपर्स ही पुरुषांची चळवळ काढली. ४ ऑक्टोबर १९९७ ला वॉशिंग्टनमध्ये तिची प्रचंड सभा झाली, पुरुष रडले, घरी वेळ देऊ अशी वचने दिली. १९९८ मध्ये सदर्न बॅप्टिस्ट या अमेरिकेतल्या मोठ्या प्रॉटेस्टंट संघटनेने पत्नीच्या अधीनतेचे कलम आपल्या श्रद्धापत्रकात घातले, आणि स्त्रियांविषयीच्या तिच्या धोरणावर नाराज होऊन माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी २००० मध्ये त्या संघटनेशी नाते तोडल्याचे जाहीर केले. सतराव्या शतकातला बाप मंडळीला उत्तर देत होता. या नव्या बापाने स्टेडियममध्ये शपथ घेतली, पण घरी गेल्यावर त्याला विचारणारे कोणी नाही. माझ्या मते जुन्या आणि नव्या व्यवस्थेतला खरा फरक हाच.

विचारणारे नसले की काय होते, हे आपल्याकडच्या कोर्टांनी पाहिले आहे. १८६९ च्या भारतीय घटस्फोट कायद्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार एवढे एकच कारण पुरे होते. बायकोला मात्र व्यभिचाराबरोबर क्रूरता किंवा त्याग यासारखे आणखी काहीतरी सिद्ध करावे लागे. नुसती मारहाण पुरेशी नव्हती. ही तरतूद मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९९७ मध्ये घटनाबाह्य ठरवली, आणि २००१ मध्ये संसदेने कायदा दुरुस्त करून ख्रिस्ती पतिपत्नींना घटस्फोटाची कारणे जवळपास सारखी केली.