ब्रेकअवे रोपिंग आणि टाय-डाउन रोपिंग: दोर सारखा, काम वेगळं

अमेरिकी रोडिओत, म्हणजे गुराख्यांच्या कौशल्यांच्या स्पर्धांत, घोड्यावरून वासरावर फास टाकण्याचे दोन प्रकार नेहमी एकमेकांत मिसळले जातात. एक टाय-डाउन रोपिंग, दुसरा ब्रेकअवे रोपिंग. ब्रेकअवे म्हणजे पुरुषांच्या टाय-डाउनचं बायकांसाठी केलेलं हलकं रूप, असं सर्रास सांगितलं जातं. यातलं काहीच खरं नाही. ब्रेकअवे हलका नाही, आणि टाय-डाउन केवळ पुरुषांचा कधीच नव्हता.

गोंधळाचं कारण असं, की पहिले दोन सेकंद दोन्हींत सारखेच दिसतात. घोडा आणि स्वार तीन बाजूंनी बंद चौकटीत उभे असतात, वासरू शेजारच्या अरुंद कोंडीत. स्वाराने मान हलवली की कोंडीचं फाटक उघडतं. वासराला ठरावीक अंतराची आघाडी मिळते. तेवढं ते पळेपर्यंत स्वारापुढे एक दोरी आडवी ताणलेली असते. घोडा आधीच सुटून ती दोरी तुटली, तर वेळेत 10 सेकंद वाढतात आणि बक्षिसाची आशा बहुतेक तिथेच संपते. पुढे घोडा वासराला गाठतो, डोक्यावर फिरवलेला फास सुटतो. इथून वाटा वेगळ्या होतात.

टाय-डाउनमध्ये दोराचं मागचं टोक खोगिराच्या पुढच्या खुंटाला पक्कं बांधलेलं असतं. फास गळ्यात बसला की घोडा थांबतो आणि स्वार उडी मारून दोराच्या कडेने वासराकडे धावतो. वासरू उभं असायला हवं. ते पडलेलं असेल, तर आधी उठू द्यायचं आणि मग हातांनी आडवं पाडायचं. व्यावसायिक स्पर्धेतलं वासरू 220 ते 280 पौंडांचं, म्हणजे साधारण 100 ते 127 किलोंचं असतं. स्वाराने दातांत धरलेली छोटी दोरी इथे कामाला येते: एका पुढच्या पायात तिचा फास अडकवायचा, मागचे दोन पाय त्यावर आणायचे, दोन वेढे, एक अर्धी गाठ, आणि हात वर. घड्याळ थांबतं, पण निकाल अजून लागलेला नसतो. स्वार पुन्हा घोड्यावर बसून दोर सैल करतो, आणि त्यानंतर सहा सेकंद वासराचे तीन पाय बांधलेले राहिले तरच वेळ ग्राह्य धरतात. घाईत एक वेढा सैल पडला की वासरू लाथ झाडतं आणि सगळं फुकट जातं. चांगली वेळ सात ते नऊ सेकंदांची.

या प्रकारात निम्मं काम घोड्याचं आहे. स्वार खाली असताना त्याने वासराकडे तोंड ठेवून हळूहळू मागे सरायचं आणि दोर ताणलेला ठेवायचा. तो पुढे आला तर दोर ढिला पडतो आणि वासरू स्वाराभोवती फिरू लागतं. फार जोरात मागे गेला तर वासरू ओढलं जातं. ही सारी रीत थेट रँचवरच्या, म्हणजे गुरं पाळण्याच्या मोठ्या कुरणांवरच्या, कामातून आली आहे. उघड्या कुरणात एकट्या स्वाराला वासरावर औषधोपचार करायचा असेल, तर दुसरा माणूस म्हणून त्याच्यापाशी घोडाच असतो.

ब्रेकअवेत स्वार खाली उतरतच नाही. दोराचं टोक खुंटाला बारीक नायलॉनच्या सुतळीने बांधलेलं असतं आणि त्या टोकावर भडक रंगाचं फडकं असतं. फास बसतो, घोडा थांबतो, वासरू पळत राहतं, दोर ताणला जातो आणि सुतळी तुटते. फडकं खुंटावरून उडालेलं दिसताच पंच निशाण पाडतात. उत्तम वेळ दोन-तीन सेकंदांची.

ऐकायला सोपं वाटतं, पण चूक भरून काढायला इथे पुढचा टप्पाच नाही. टाय-डाउनमध्ये फास उशिरा पडला, तरी वेगाने पाडून-बांधून थोडी वेळ वसूल करता येते. ब्रेकअवेत पाव सेकंद गेला तर गेला. शिवाय सुतळी हाताने ओढून तोडायची नाही. वासराचं डोकं फासातून आरपार गेलेलं हवं, नुसतं नाक अडकलं तर प्रयत्न बाद. दोराचा वेढा खुंटाला किंवा खोगिराला अडकला, तर वासराचा ताण सुतळीपर्यंत पोहोचतच नाही. घोडा थांबण्याऐवजी वासरामागे धावत राहिला, तर दोर ताणायलाच उशीर होतो. म्हणून टाय-डाउनच्या घोड्याचं कौशल्य मागे सरण्यात, तर ब्रेकअवेच्या घोड्याचं सरळ आणि कडक थांबण्यात पाहावं.

दोराच्या लांबीचा हिशेब मला या खेळातला सर्वांत सुंदर भाग वाटतो. दोर आखूड, तर तो लवकर ताणला जातो आणि सुतळी लवकर तुटते. पण फार आखूड केला तर लांबून फेकताना फास वासराच्या डोक्यावर बसण्याआधीच दोर संपतो. म्हणून स्वार आपला घोडा किती वेगाने जवळ नेतो आणि आपण किती लांबून फेकतो, हे पाहून दोर कापून घेतात.

आता इतिहास. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ओक्लाहोमाच्या लुसिल मलहॉल पूर्ण वाढलेल्या बैलांवर फास टाकून, खाली उतरून त्यांचे पाय बांधत होत्या, तेही पुरुषांच्या बरोबरीने. 1929 मध्ये ओरेगनमधल्या पेंडलटनच्या रोडिओत बॉनी मॅकॅरोल यांचा उधळ्या घोड्याखाली सापडून जीव गेला. त्यांच्या रिकिबी घोड्याच्या पोटाखालून एकमेकींना बांधलेल्या होत्या, त्यामुळे पाय वेळेत सुटला नाही. त्यानंतर तिथे स्त्रियांची उधळ्या घोड्यावरच्या स्वारीची स्पर्धा बंद झाली आणि मोठ्या रोडिओंत त्यांना जागा कमी होत गेली. उत्तर त्यांनी स्वतःच दिलं. 1948 मध्ये टेक्ससमधल्या सॅन अँजेलो इथे 38 जणींनी गर्ल्स रोडिओ असोसिएशन स्थापन केली. 1981 पासून तीच विमेन्स प्रोफेशनल रोडिओ असोसिएशन. या संघटनेत बायका वासरं बांधतही होत्या. मेसन, टेक्ससच्या वांडा हार्पर बुश यांच्या 32 जगज्जेतेपदांत त्याचीही पदकं आहेत.

ब्रेकअवेही दीर्घकाळ शालेय आणि महाविद्यालयीन रोडिओत मुलींची स्पर्धा म्हणून वाढला. व्यावसायिक रोडिओच्या राष्ट्रीय अंतिम फेरीशी तो जोडला गेला 2020 मध्ये, टेक्ससच्या आर्लिंग्टनला. जॅकी क्रॉफर्ड तिथे विजेत्या ठरल्या, तेव्हा त्या गरोदर होत्या. पुढच्या वर्षांत ब्रेकअवेची ही फेरी लास वेगासला गेली, पण राष्ट्रीय अंतिम फेरीच्या थॉमस अँड मॅक या मुख्य रिंगणाऐवजी दुसऱ्या रिंगणात.

म्हणून फोर्ट वर्थच्या नॅशनल काउगर्ल संग्रहालयात किंवा एखाद्या जुन्या निकालपत्रकात स्त्रीच्या नावापुढे नुसतं "काफ रोपिंग" (वासरावर फास टाकणं) दिसलं, तर ते ब्रेकअवे समजून पुढे जाऊ नये. सोबत वेळ दिली असेल तर ती पाहावी. दोन-तीन सेकंद असतील तर सुतळी तुटली आहे. दहा, पंधरा किंवा वीस सेकंद असतील आणि दंडाची नोंद नसेल, तर त्या बाईने घोड्यावरून उतरून वासरू आडवं पाडलं आणि तीन पाय बांधले, असं मानायला भक्कम आधार आहे.