तंत्रसेवा भागीदार

तंत्रसेवा भागीदार : एखाद्या व्यवसायाचे संगणक, नेटवर्क, हिशेबाचे सॉफ्टवेअर, त्यातील माहिती आणि तिची सुरक्षितता सांभाळण्याची जबाबदारी कराराने व दीर्घ मुदतीसाठी स्वीकारणारी बाहेरची व्यक्ती किंवा संस्था. यंत्र विकून मोकळा होणारा विक्रेता आणि बिघाड झाल्यावर बोलावला जाणारा कारागीर यांच्यापासून हा भागीदार वेगळा मानला जातो, कारण त्याला मोबदला मिळतो तो काम अखंड चालू ठेवण्याचा. कोकणच्या बाजारपेठांत त्याला ‘टॅलीवाला’ किंवा ‘सॉफ्टवेअरवाला’ म्हणतात आणि करार ‘एएमसी’ (वार्षिक देखभाल करार) या नावाने ओळखला जातो.

या व्यवस्थेचा आरंभ कोठे मानावा याविषयी मतभेद आहेत. व्यवस्थापनशास्त्रातील बरेच लेखन १९८९ हे वर्ष धरते. त्या वर्षी ईस्टमन कोडॅक या अमेरिकी कंपनीने आपल्या संगणक केंद्रांचे काम आयबीएमकडे सोपवले. दुसरे मत आरंभ १९६२ पर्यंत मागे नेते, कारण रॉस पेरो यांनी त्या वर्षी स्थापन केलेल्या ईडीएस कंपनीने इतरांची संगणकीय कामे दीर्घ मुदतीच्या कराराने चालवण्याचा व्यवसाय उभा केला. तिसरे मत त्याहूनही मागे जाते. न्यू जर्सीत १९४९ मध्ये हेन्री टॉब यांनी छोट्या मालकांची पगारपत्रके तयार करून देणारी कंपनी सुरू केली, तीच पुढे एडीपी म्हणून ओळखली जाऊ लागली. आयबीएमचीही अशीच सेवाकेंद्रे होती आणि अमेरिकी सरकारशी झालेल्या १९५६ च्या मक्तेदारीविरोधी तडजोडीनंतर, १९५७ मध्ये, ती वेगळ्या कंपनीकडे गेली. कोडॅकच्या कराराचे महत्त्व नाकारता येत नाही, कारण स्वतःचे संगणक चालवण्याची ऐपत असलेल्या मोठ्या कंपनीने ते काम आपणहून बाहेर दिले. तथापि स्वतःचे यंत्र परवडत नाही म्हणून विश्वासाच्या माणसाकडे वह्या देणे हे मूळ रूप अधिक जुने आहे आणि लहान व्यापाऱ्याच्या बाबतीत तिसरे मतच अधिक ग्राह्य वाटते. अर्थशास्त्रज्ञ रोनाल्ड कोस यांनी १९३७ च्या निबंधात मांडलेला विचारही त्याला पूरक आहे : बाजारातून सेवा घेताना होणारा शोधाचा, घासाघिशीचा व देखरेखीचा खर्च घरात काम करण्याच्या खर्चाहून कमी असेल, तोवरच ते काम बाहेर देणे फायद्याचे ठरते. भागीदार विश्वासाचा असला की नेमका हाच खर्च उतरतो.

भारतात १९७८ मध्ये आयबीएमने कारभार आवरता घेतल्यावर तिच्या यंत्रांची देखभाल सीएमसी या सरकारी कंपनीकडे आली, हा महत्त्वाचा टप्पा मानावा लागतो. श्यामसुंदर व भरत गोएंका यांनी १९८६ मध्ये बंगळुरूत सुरू केलेल्या कंपनीचे टॅली हे हिशेबाचे सॉफ्टवेअर पुढे लहान पेढ्यांपर्यंत पोहोचले. महाराष्ट्रात एप्रिल २००५ पासून लागू झालेला मूल्यवर्धित कर आणि १ जुलै २०१७ पासूनचा वस्तू व सेवा कर यांनी ही गरज पक्की केली. पन्नास हजार रुपयांहून अधिक किमतीच्या मालासाठी सामान्यतः ई-वे बिल (मालवाहतुकीचा ऑनलाइन परवाना) लागते आणि १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींवर उलाढाल असलेल्यांना व्यापाऱ्यांमधील व्यवहारांसाठी ई-इन्व्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवलेले बिल) बंधनकारक झाले. असे बदल सॉफ्टवेअरमध्ये वेळेवर उतरवणे, हे मालकाच्या नजरेस न पडणारे पण भागीदाराचे खरे काम आहे.

कोकणात या सेवेचा लाभ हंगामी व्यवसायांत विशेष दिसतो. हापूसचा मुख्य हंगाम साधारणतः मार्च ते मे असा असतो आणि वर्षाची बहुतेक बिले याच काळात फाटतात. अशा पेढीने बारा महिने स्वतःचा सर्व्हर पोसण्यापेक्षा क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून वापरता येणाऱ्या दुसऱ्याच्या संगणकांवर, वापरापुरते भाडे देणे सोयीचे ठरते. मुंबई परिसरात मोठ्या क्लाउड कंपन्यांची केंद्रे २०१५-१६ पासून सुरू झाल्याने माहिती देशातच ठेवणेही शक्य झाले. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पेटीवरचा क्यूआर संकेत फोनवर उघडला की बाग कोणाची, फळ कोणत्या तारखेला उतरवले, पेटीत किती डझन आहेत हे गिऱ्हाइकाला दिसावे, अशी व्यवस्था बागायतदार एकटा उभारू शकत नाही. निर्यातीसाठी मँगोनेट या सरकारी ऑनलाइन प्रणालीवर केलेल्या बागेच्या नोंदणीशी ही माहिती जुळवून ठेवावी लागते. वेंगुर्ल्याचे काजू कारखाने, मालवण-तारकर्लीची निवासस्थाने आणि मासळीचा व्यापार यांतही अशा सेवांना वाव आहे.

किनाऱ्यावर या भागीदारीची खरी परीक्षा पावसाळ्यात होते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, मे २०२१ मध्ये तौक्ते किनाऱ्यालगत सरकले आणि २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी नदीच्या पुराने चिपळूणची बाजारपेठ बुडवली. अशा पुरात दुकानात काय होते, ते एका साध्या सवयीवरून समजते : बॅकअपची हार्ड डिस्क बहुधा संगणकाशेजारच्या खणातच असते, म्हणून चिखल दोघांवर एकाच वेळी चढतो, आणि वर्षाची उधारी कोणाकडे किती हे फक्त मालकाच्या आठवणीत उरते. म्हणून तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर आणि त्यांतली एक प्रत गावाबाहेर, हा तंत्रज्ञांचा नियम येथे चैन म्हणून पाहता येत नाही. करारात दोन मुदती स्वतंत्रपणे लिहिल्या पाहिजेत : किती तासांपर्यंतच्या नोंदी गमावणे चालेल आणि किती वेळात काम पुन्हा सुरू व्हावे. पहिली मुदत बॅकअप किती वेळा घ्यायचा हे ठरवते. दुसरी पर्यायी यंत्र, वीज व इंटरनेट यांची सोय ठरवते, कारण पुरानंतर वीज व मोबाइल यंत्रणाच बंद पडली तर क्लाउडवरची सुरक्षित प्रतही काही काळ हाती येत नाही. बॅकअप घेतला, एवढ्यावर समाधान मानता येत नाही. तो दुसऱ्या संगणकावर उतरवून एखाद्या गिऱ्हाइकाचे खाते उघडून पाहिल्याशिवाय तो चालतो असे म्हणता येत नाही.

विश्वासाची दुसरी बाजू म्हणजे एकाच्या चुकीचा अनेकांना बसणारा फटका. जुलै २०२४ च्या अखेरीस सहकारी व ग्रामीण बँकांना सेवा देणाऱ्या एका तंत्रसंस्थेवर खंडणी-सॉफ्टवेअरचा (माहिती कुलूपबंद करून पैसे मागणाऱ्या प्रोग्रामचा) हल्ला झाला, तेव्हा राष्ट्रीय देयक महामंडळाला (एनपीसीआय) तिला आपल्या जाळ्यापासून तोडावे लागले आणि सुमारे तीनशे लहान बँकांच्या ग्राहकांचे व्यवहार काही काळ थांबले. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशा घटनेची माहिती सहा तासांत कळवावी लागते आणि यंत्रणेच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. २०२३ च्या व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने ग्राहकाच्या माहितीची जबाबदारी, काम बाहेर दिले तरी, मूळ व्यावसायिकावरच ठेवली आहे.

म्हणून मुख्य पासवर्ड, सॉफ्टवेअरचा परवाना आणि संकेतस्थळाचे नाव व्यावसायिकाच्याच नावावर असावे आणि करार संपल्यावर सर्व नोंदी वाचता येतील अशा स्वरूपात परत मिळतील असे कलम त्यात असावे. लहान पेढ्यांत मात्र परवाना व संकेतस्थळ भागीदाराच्याच ई-मेलवर नोंदवले जाणे सहज घडते, आणि तो गाव सोडून मुंबईला गेला किंवा त्याने व्यवसाय बंद केला की नूतनीकरणाची सूचना पेढीपर्यंत पोहोचतच नाही.